तापलेल्या पोलादाचा हिशेब

औष्णिक वीज केंद्रातली मुख्य वाफनळी सुमारे ५४० अंश सेल्सिअसची वाफ वर्षानुवर्षे वाहते. ताण झेपेल इतकाच असतो, तरीही तापलेले पोलाद कणाकणाने ताणले जात राहते. यालाच क्रीप म्हणतात.

तो मोजणेही नाजूक काम. प्रयोगात वजन टांगलेली तार लांबली की बारीक होते. वजन तेच असले तरी ताण वाढतो. म्हणून १९१० साली भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड अँड्रेड यांनी खास घडवलेले वजन शिशाच्या तारेला टांगले. तार लांबेल तसे ते द्रवात बुडत जाई, भार तेवढाच घटे आणि ताण कायम राही. ही युक्ती मला फार देखणी वाटते.

वीज केंद्रातल्या नळीला मात्र असा स्थिर ताण मिळत नाही. दुपारी सौर वीज भरपूर आली की कोळशाच्या संचांचा भार उतरवतात, संध्याकाळी पुन्हा चढवतात. संच तापवताना जाड भिंतीचा आतला थर आधी तापून फुगू पाहतो आणि बाहेरचा थंड थर त्याला अडवतो. निवताना उलटे घडते. त्यामुळे भिंतीतला ताण सतत बदलत राहतो, आणि हा बदल क्रीपला फार जाणवतो. क्रीपचा वेग ताणाच्या घातात वाढतो असे सांगणाऱ्या नॉर्टन यांच्या सूत्रात ताणाचा घातांक ५ धरला, तर दुप्पट ताणाला क्रीपचा वेग ३२ पट होतो.

खरी अडचण ताण बदलतो त्या क्षणी येते. क्रीप आधी वेगाने होतो, मग मंदावतो. समजा, हजार तास हलका ताण होता आणि आता जड आला. घड्याळावर चालणारे गणित म्हणते, हजार तास उलटलेत, वेग मंदच असणार. दुसरे गणित म्हणते, पोलाद अजून फारसे ताणलेले नाही, ते जोरात सरकेल. प्रयोगांचा कौल बहुधा दुसऱ्याला मिळतो. पण ताणाची दिशाच उलटली की तेही चुकते. एका दिशेला अडून बसलेले स्फटिकदोष उलट दिशेला सहज सरकतात. म्हणून आधुनिक प्रतिमानांत हे दोष अडल्याने धातूच्या आत साठलेल्या प्रतिताणाचाही हिशेब ठेवतात.

नळीचे आयुष्य मोजण्याचा रॉबिन्सन यांचा नियम सोपा आहे: प्रत्येक टप्प्यात आयुष्याचा किती हिस्सा खर्च झाला ते काढायचे, बेरीज एक झाली की नळी संपली. टप्पे कोणत्या क्रमाने आले, हे त्याला दिसत नाही. रोज वरखाली होणाऱ्या संचासाठी तो मला अपुरा वाटतो. संच किती वेगाने तापवला, किती वेळा उतरवला, या नोंदींवर गणित चालवावे. मग नळीच्या पृष्ठभागाचा ठसा घेऊन धातूच्या कणांमधल्या सीमांवर पोकळ्या धरू लागल्यात का, हे सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहावे.