पूरग्रस्तांची सेवा : धर्मसंस्थांची पथके आणि वैद्यांचे कर्तव्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात, गंगातीरी कांपिल्य नगरीत, भगवान पुनर्वसू आत्रेयांनी अग्निवेशास जनपदोद्ध्वंसाचा विषय विशद केला आहे. प्रकृती, आहार, वय भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का ग्रासली जातात, याचे उत्तर त्यांनी वायू, उदक, देश व काल या सर्वांना समान असणाऱ्या चार भावांच्या विकृतीत दिले. औषधींचा संग्रह आपत्तीपूर्वीच करावा, हेही तेथेच सांगितले आहे. दूषित देशाच्या लक्षणांत सर्प, मशक, मक्षिका यांच्या बरोबरीने मूषकांचाही उल्लेख येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या महापुराने करमाळा, माढा, मोहोळ परिसरातील गावे पाण्याखाली गेली, तेव्हा या वर्णनाची सत्यता आम्हा सोलापूरकर वैद्यांना नव्याने पटली.

सेवेची परंपरा

धर्मभावना आणि लोकसेवा यांचे नाते सोलापूरला नवे नाही. आपले ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वर यांनी येथील तलाव खोदविला, ही स्मृती शहर आजही जपते. दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा अनेक जखमी उपचारांसाठी सोलापुरातच आणले गेले. मठ, मंदिरे, मशिदी, चर्च, गुरुद्वारे या सर्वांशी निगडित कार्यकर्ते अशा प्रसंगी धावून येतात. भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी भारतीय जैन संघटनेने पुण्यात स्वीकारली, हे त्याचे लक्षणीय उदाहरण होय.

अशा पथकांचे बळ तीन गोष्टींत आहे : चालू असलेले अन्नछत्र, शिस्तबद्ध स्वयंसेवक आणि गावकऱ्यांचा विश्वास. वैद्य एकटा गेल्यास त्यास स्वयंपाक, वाहन, निवारा यांची चिंता करावी लागते. पथकासोबत गेल्यास तो केवळ रुग्ण पाहू शकतो. शिवाय अन्नछत्र ही चिकित्सेचीच पहिली पायरी आहे. ताज्या पातळ पेजेने, लाजामंडाने अग्निमांद्य झालेल्यांना जे बळ येते, ते नुसत्या वटीने येत नाही.

वैद्याने काय करावे

पूर ओसरल्यानंतरच्या दिवसांत मुख्यतः अतिसार, ज्वर, चिखलाने बोटांमधील त्वचा कुजणे आणि लहानमोठे व्रण आढळतात. पाणी उकळून किंवा क्लोरीन घालूनच प्यावे, हा उपदेश प्रत्येक घरी पुनःपुन्हा करावा. अतिसारात प्रथम जलसंजीवनी द्यावी. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ मिसळावे. कुटजघन वटी त्यानंतर. व्रण स्वच्छ पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या लसीसाठी रुग्णास आरोग्य केंद्रात पाठवावे. गर्दीच्या निवाऱ्यात धूपन टाळावे. धुराने श्वासरोग्यांचा त्रास वाढतो.

आम्हांस शिबिरात सर्वाधिक मागणी आली ती मात्र पुराच्या व्याधींवरील औषधांची नव्हे, तर घरासोबत वाहून गेलेल्या मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांची. अशा रुग्णांची यादी पहिल्याच दिवशी करून शासकीय आरोग्य केंद्रास देणे, ही मोठी सेवा ठरते.

कोठे थांबावे

ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळ्यांची लाली, कावीळ किंवा लघवी कमी होणे ही लक्षणे चिखलपाण्यात वावरलेल्या रुग्णात दिसल्यास लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा हा रोग बहुधा पाच ते चौदा दिवसांनी प्रकट होतो. म्हणजेच पथके परतल्यानंतर. अशा रुग्णास काढा देऊन वाट पाहू नये, तत्काळ रुग्णालयात पाठवावे. सर्पदंशात चीर देणे, दोरी आवळून बांधणे, वनस्पती चोळणे यांपैकी काहीही न करता अंग स्थिर ठेवावे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व प्रतिविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे. असाध्य वा आपल्या साधनांबाहेरील व्याधी ओळखणे हे वैद्याचे वैगुण्य नसून शास्त्रसंमत लक्षण आहे.

श्रद्धा आणि औषध

पथक कोणत्याही पंथाचे असो, औषधाच्या रांगेत जात, धर्म, पक्ष विचारला जाऊ नये. आपत्ती निवारणासाठी १९९४ मध्ये तयार झालेल्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत मदतीचा उपयोग धार्मिक वा राजकीय प्रचारासाठी करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. आणि ती सिद्ध करणाऱ्यांत रेड क्रॉससोबत कॅरिटासारख्या धर्माधारित संघटनाही होत्या. प्रसादवाटप आणि औषधवाटप वेगळ्या जागी असावे. शक्यतो रुग्णतपासणी शाळेत ठेवावी. देवळाच्या किंवा मशिदीच्या आवारात येण्यास कचरणारे रुग्ण तेथे निःसंकोच येतात. औषध घेतानाची छायाचित्रे काढू नयेत. ज्याचे सर्वस्व गेले आहे, त्याची प्रतिष्ठा तरी शाबूत राहावी.

आमची वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे की, आपल्या शाखेने मृग नक्षत्रापूर्वी औषधांचा संच, मुदतीची नोंद व स्वयंसेवी वैद्यांची यादी सिद्ध ठेवावी, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांस ती कळवावी आणि पूर ओसरल्यावर पंधराव्या दिवशी त्याच गावी पुन्हा जाण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे. पहिल्या दिवशी जाणारे पुष्कळ असतात. पंधराव्या दिवशीच्या ज्वरितास वैद्य भेटला पाहिजे.