एक तास थेरपीचा, १६७ घरचे

तंजावर म्हटलं की मराठी वाचकाला व्यंकोजी आठवतात, सरफोजी आठवतात, सरस्वती महाल आठवतो. त्या शहराच्या दक्षिणेला पट्टुकोट्टै आणि पेरावुरणीपर्यंत पसरलेला जिल्हा मात्र आपल्या फारसा डोळ्यांसमोर नसतो. कावेरीच्या फाट्यांनी आणि कालव्यांनी विणलेला सपाट मुलूख, भाताची खाचरं, मधूनमधून नारळाच्या बागा. अशा एखाद्या गावात चार वर्षांचं, अजून मान न धरलेलं मूल असेल, तर त्याला थेरपीसाठी तंजावर शहरात आणायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. तमिळनाडूत साध्या टाऊन बसमध्ये बायकांना २०२१पासून तिकीट पडत नाही, पण तिकीट माफ झालं म्हणून दिवस माफ होत नाही. लावणीच्या हंगामात त्या दिवसाची मजुरी बुडते, घरच्या दुसऱ्या मुलाची शाळा बुडते. चार-पाच फेऱ्यांनंतर आई येईनाशी होते आणि केसपेपरवर ‘पालक नियमित येत नाहीत’ असा शेरा पडतो. जव्हार-मोखाड्याहून नाशिक गाठणाऱ्या किंवा मेळघाटातून अमरावतीला येणाऱ्या बाईची गोष्ट याहून वेगळी नाही.

पण समजा, ती दर आठवड्याला न चुकता आली. तरी काय होतं? आठवड्याचे तास १६८. त्यातला थेरपिस्टच्या हाताखाली जातो एक. उरलेले १६७ तास मूल घरीच असतं. ते कसं उचललं जातं, कसं बसवलं जातं, घास कसा भरवला जातो, त्याच्याशी कोण बोलतं, यावर त्याची प्रगती ठरते. गाण्याच्या शिकवणीचंही असंच असतं. शिकवणी आठवड्यातून एकदा, गळा तयार होतो तो घरच्या रियाजावर. मुलांच्या थेरपीबाबत मात्र आपण बरीच वर्षं शिकवणीचीच इमारत बांधत राहिलो.

सेरेब्रल पाल्सीचं उदाहरण घेऊ. गर्भात, बाळंतपणात किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात मेंदूला इजा होते. मूल वेळेच्या फार आधी जन्मतं, जन्मल्यावर श्वास घेत नाही, कावीळ मेंदूपर्यंत पोचते, अशी कारणं अनेक. ती इजा पुढे वाढत नाही. शरीर मात्र वाढतं. हाडं लांब होतात, ताठरलेले स्नायू त्यांच्याबरोबर ताणले जात नाहीत, सांधे आखडतात, काही मुलांचा खुबा हळूहळू जागचा सरकतो. म्हणजे मेंदूतलं नुकसान स्थिर आणि शरीरावरचा परिणाम रोज वाढता. त्याला उत्तरही रोजचंच लागतं.

हे उत्तर बहुतेक वेळा यंत्रात नसतं, सवयीत असतं. ताठर मुलाला काखेत हात घालून सरळ वर उचललं की पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. आधी कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन उचललं तर तेच शरीर सैल येतं. आपल्याकडे बायका मूल कडेवर घेतात, एक पाय पुढे, एक मागे. मांड्या फाकलेल्या राहतात, पाठ सरळ राहते. ताठर पायांच्या अनेक मुलांसाठी थेरपिस्ट हीच पद्धत सुचवतात, आणि ती शिकवायला कुणी परगावाहून यावं लागत नाही. आडवं झोपवून भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. वारंवार होणाऱ्या न्यूमोनियाचं कारण कधी कधी तेवढंच असतं. बसवून, मान किंचित पुढे ठेवून, समोरून मऊ भात भरवला की जेवायचा वेळ कमी होतो आणि मुलाचं वजन वाढायला लागतं. सदरा घालताना कमजोर हात आधी बाहीत, काढताना तोच शेवटी. बसता येत नसेल तर दोन भिंतींच्या कोपऱ्यात, मागे उशी. तसाच कोपरा असलेली खुर्ची पुठ्ठ्याची आणि खळीचीही होते. झिंबाब्वेत टाकाऊ कागद आणि पिठाची खळ यांपासून अशा खुर्च्या बनवण्याचं तंत्र रूढ झालं आणि ते पुढे अनेक देशांत गेलं.

यातली कुठलीही गोष्ट डॉक्टरकीची नाही. पण कुठल्या मुलाला यातलं काय, हे ठरवायला जाणकार डोळा लागतो आणि तो डोळा गावात नसतो. गावातल्याच माणसाला पुरेसं शिकवायचं आणि त्याच्या मागे तज्ज्ञ उभा करायचा, हा त्यावरचा तोडगा. कल्पना नवी नाही. १९७८च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनं समाजाधारित पुनर्वसनाचा विचार पुढे आणला. डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोतल्या खेड्यांतल्या कामावरून लिहिलेलं, अपंग मुलांविषयीचं जाडजूड सचित्र पुस्तक १९८७ साली आलं. कुबड्या कशा कापायच्या, झोळीचा झोका कसा बांधायचा इथपर्यंत त्यात आहे.

तमिळनाडूत या कल्पनेला ठसठशीत रूप मिळालं ते तंजावरच्या बरंच दक्षिणेला, तेनकाशीजवळच्या आयिकुडी या गावात. एस. रामकृष्णन हे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. १९७५मध्ये नौदलाच्या अधिकारी निवडीच्या शारीरिक चाचणीत पडले, मानेच्या मणक्याला मार बसला आणि मानेखालचं शरीर निकामी झालं. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष. त्याच वर्षी त्यांनी आयिकुडीत ‘अमर सेवा संगम’ ही संस्था सुरू केली. नाव ठेवलं ते आपल्यावर उपचार करणाऱ्या एअर मार्शल अमरजित सिंग चहल यांच्यावरून. १९९२मध्ये एस. शंकररामन त्यांना येऊन मिळाले. व्यवसायानं चार्टर्ड अकाउंटंट, आणि स्वतःला मस्क्युलर डिस्ट्रॉफी. रामकृष्णन यांना २०२०मध्ये पद्मश्री मिळाली. संस्था चालवणारी दोन्ही माणसं व्हीलचेअरवर, हा तपशील मला पद्मश्रीपेक्षा मोठा वाटतो.

तिथली पद्धत साधारण अशी. त्या त्या भागातल्याच माणसांना, बहुतांशी बायकांना, मुलांच्या विकासाचं आणि थेरपीचं प्रशिक्षण दिलं जातं. त्या घरोघरी जातात, मूल काय करतं हे ठरलेल्या चाचणीनं तपासतात आणि संस्थेनं बनवलेल्या ‘एनेबलिंग इन्क्लूजन’ या मोबाइल अॅपमध्ये भरतात. दूर बसलेले फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक ते पाहतात आणि पुढच्या टप्प्याची उद्दिष्टं ठरवतात. आईवडील त्या ठरवण्यात असतात. ‘याला चालता आलं पाहिजे’ असं तज्ज्ञाला वाटत असेल, आईला मात्र आधी त्यानं संडासला सांगावं असं वाटत असेल, तर दुसरं उद्दिष्ट आधी येतं. ऐकायला साधं आहे. पण थेरपीच्या खोलीत हे क्वचित विचारलं जातं.

या पद्धतीविषयी एक शंका नेहमी घेतली जाते. तज्ज्ञाचं काम अर्धशिक्षित माणसाकडे दिलं, तर मुलाला कमअस्सल उपचार मिळणार नाही का? त्याचं एक उत्तर गोव्यातून आलं. १९९६मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या गोव्यातल्या संस्थेनं रावळपिंडीतल्या आणि ब्रिटनमधल्या संशोधकांबरोबर स्वमग्न मुलांसाठी एक प्रयोग केला. मूळ पद्धत मँचेस्टरच्या जोनाथन ग्रीन यांच्या गटाची. तिथे ती प्रशिक्षित वाचा-उपचारतज्ज्ञ राबवत. इथे ती थेरपीची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांकडे दिली. पालक आणि मूल खेळत असताना थोडा वेळ चित्रीकरण करायचं, मग पालकाबरोबर बसून ते पाहायचं. इथं त्यानं तुमच्याकडे पाहिलं, इथं तुम्ही घाईनं पुढचा प्रश्न विचारलात, इथं तुम्ही गप्प राहिलात तेव्हा त्यानं स्वतः गाडी पुढे केली. एकूण १२ बैठका. गोवा आणि रावळपिंडी मिळून ६५ मुलं. निष्कर्ष २०१६मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आले. पालक मुलाच्या लक्षाशी जुळवून बोलायला लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करायला लागली. दोघांचं एकाच गोष्टीकडे लक्ष असण्याचा वेळ मात्र वाढण्याऐवजी घटला. सगळं गोड झालं नाही, हेही त्याच लेखात छापलेलं आहे. म्हणून मला तो विश्वासार्ह वाटतो.

गरज किती मोठी, याचा अंदाज २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीतून येतो. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांची मुलं तपासली गेली. श्रवणदोष, दृष्टिदोष, फिट्स, स्वमग्नता, शिकण्यातल्या अडचणी धरून नऊ अवस्थांपैकी किमान एक असलेल्या मुलांचं प्रमाण ६ ते ९ वयोगटात १३.६ टक्के निघालं. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात चार. इतक्या मुलांसाठी तज्ज्ञ कुठून आणणार?

पण इथे एक खड्डा आहे आणि समाजाधारित थेरपीचे कैवारी त्याच्यावरून फार अलगद उडी मारतात. ‘कुटुंबाला शिकवा’ याचा प्रत्यक्षातला अर्थ होतो ‘आईला शिकवा’. जी आधीच पहाटे पाण्याला, मग रानात, मग चुलीशी, तिच्या हातात आणखी एक व्यायामाचा कागद. पुढच्या भेटीत कार्यकर्ती विचारते, ‘ताई, केलं का?’ आणि नाही म्हटलं की बाईच्या मनात अपराधाची एक भर. थेरपी घरी आणताना तिचा ताणही आपण घरी आणून ठेवला, एवढंच होतं. म्हणून वर कपडे घालणं, जेवण, कडेवर घेणं यांचीच उदाहरणं दिली. वेगळा अर्धा तास काढून करायचा व्यायाम चार दिवसांत सुटतो. भरवायचं मात्र रोजच असतं.

आणि म्हणूनच कुटुंबाला आधार म्हणजे मुलाच्या व्यायामापलीकडचं बरंच काही. सासूला कुणीतरी बसून सांगावं लागतं की हा सुनेच्या पायगुणाचा प्रश्न नाही. बापाला कामाचा एखादा ठरलेला वाटा द्यावा लागतो, मुलाला संध्याकाळी उभं करायचं किंवा शाळेत सोडायचं. मोठ्या बहिणीला विचारावं लागतं की तिच्या अभ्यासाचं काय चाललंय. कॅनडातल्या पीटर रोझेनबाउम आणि यान विलेम गोर्टर या दोन डॉक्टरांनी अपंग मुलांसाठी महत्त्वाच्या सहा गोष्टींची जी मांडणी केली, तिच्यात हालचाल आणि तंदुरुस्तीच्या बरोबरीनं कुटुंब, मित्र, मजा आणि भविष्य आहे. मजा ही गोष्ट आपल्या शासकीय तक्त्यात कुठल्या रकान्यात बसेल, कोण जाणे.

मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१मध्ये सुरू केलेली ‘उम्मीद’ पालकांच्या या बाजूकडे सातत्यानं पाहत आली आहे आणि समाजात काम करणाऱ्यांना प्रशिक्षणही देते. बदलापूरची ‘आधार’ तर पालकांनीच उभी केलेली. तिथे प्रश्न थेरपीच्याही पुढचा आहे. मूल चाळिशीत गेलं, आईवडील सत्तरीत. ‘आमच्या माघारी याचं कोण?’ हे पालकसभेत सगळे मनात घोळवतात आणि एकानं उच्चारलं की सभा शांत होते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली. त्याच न्यासाची ‘निरामय’ योजना वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण देते आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. खेड्यातल्या किती घरांत ही नावं पोचली आहेत, ते तुमच्या गावच्या आशाताईला विचारून पाहा.

सरकार काही करत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच २०१३मध्ये आपल्या पालघरमधून झाली. फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, ३० प्रकारच्या दोष-आजारांसाठी मुलं तपासतं आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. नवजात बाळाकडे आशाताई घरीच जाते. तपासणीचं हे जाळं खरोखर मोठं आहे. अडचण पुढच्या पायरीवर आहे. मूल सापडतं, चिठ्ठी मिळते आणि चिठ्ठीवर नाव असतं जिल्ह्याच्या गावाचं. म्हणजे पुन्हा तीच बस.

तमिळनाडूनं या पायरीवर दोन गोष्टी केल्या. ऑगस्ट २०२१मध्ये ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’, म्हणजे लोकांच्या दारी औषधोपचार, ही योजना सुरू झाली. तिच्यात फिजिओथेरपिस्ट घरी येतो. भर मुख्यतः मधुमेह-रक्तदाबाच्या आणि अंथरुणाला खिळलेल्या प्रौढ रुग्णांवर आहे, पण थेरपिस्टनं दारात यायचं हा पायंडा पडला. दुसरी, जागतिक बँकेनं २०२२मध्ये कर्ज मंजूर केलेला ‘राइट्स’ प्रकल्प. त्यात अपंगांना सगळ्या सेवा एका छताखाली देणारी स्थानिक पातळीवरची केंद्रं आणि थेरपीच्या गाड्या आहेत. बांधकामाचा पैसा मिळणं त्यातल्या त्यात सोपं असतं. दहा वर्षं तीच कार्यकर्ती त्याच गावात टिकवणं अवघड असतं.

महाराष्ट्रात या कामासाठी एक छोटा पण हाताशी असलेला पैसा आहे. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम अपंगांवर खर्च करायची आहे. बऱ्याच ठिकाणी ती वर्षाअखेरीला थोडीथोडी वाटून टाकतात आणि फोटो काढतात. त्याच रकमेतून गावातल्या सुताराकडून दोन-चार कोपऱ्याच्या खुर्च्या आणि उभं राहायच्या चौकटी करून घेता येतील. खुर्ची मुलाच्या मापाची हवी, आणि मूल वाढलं की ती दुसऱ्या घरी जायला हवी. हा हिशेब ठेवायला कुणीतरी लागेल. आशाताईकडे आधीच रजिस्टरांची चळत आहे. तिच्यावर हे फुकट टाकायचं असेल तर न केलेलं बरं. गावातली एखादी शिकलेली आई, आपल्या मुलाबरोबर हे सगळं करून बसलेली, या कामाला सर्वांत योग्य. तिला महिन्याला किती द्यायचे, हा ग्रामसभेत विचारायचा प्रश्न आहे.