बसून खेळायचा व्हॉलीबॉल आणि त्यातली इराण-बोस्नियाची लढत

व्हॉलीबॉल म्हटलं की उंच उडी आणि कडक स्मॅश डोळ्यांसमोर येतो. पण याच खेळाचा एक प्रकार असा आहे, ज्यात स्मॅश मारताना जमीन सुटली तर फाऊल होतो. त्याचं नाव सिटिंग व्हॉलीबॉल. ऑलिम्पिकनंतर होणाऱ्या पॅरालिम्पिकमध्ये तो खेळला जातो. पुरुषांच्या गटात कितीतरी वर्षं दोन देशांचीच नावं पुढं येतात, इराण आणि बोस्निया-हर्झेगोविना.

आधी खेळ समजून घेऊ. मूळ नियम आपल्याला माहीत असलेलेच आहेत. एका बाजूला सहा खेळाडू, चेंडू परतवायला जास्तीत जास्त तीन स्पर्श (ब्लॉकचा स्पर्श मोजत नाहीत), सर्व्हिस जिंकली की घड्याळाच्या दिशेनं जागा बदलायची. सेट २५ गुणांचा, पण दोन गुणांची आघाडी हवीच. पाचपैकी तीन सेट घेतले की सामना खिशात. पाचवा सेट १५ चा.

फरक आहे तो मैदानात आणि शरीरात. उभ्या व्हॉलीबॉलचं मैदान १८ बाय ९ मीटर, बसून खेळायचं १० बाय ६. पुरुषांचं नेट २.४३ मीटरवरून थेट १.१५ वर येतं, महिलांचं १.०५ वर. चेंडू खेळताना कंबर ते खांदा यातला काही भाग जमिनीला टेकलेला असलाच पाहिजे. मागच्या भागात चेंडू वाचवताना क्षणभर सूट मिळते, पण सर्व्हिस, ब्लॉक आणि स्मॅशला अजिबात नाही. आणखी एक मजा म्हणजे इथं समोरच्याची सर्व्हिस नेटवरच ब्लॉक करता येते. उभ्या खेळात त्याला बंदी आहे. त्यामुळं सर्व्हिस करणाराही निर्धास्त नसतो.

बसून खेळणं सोपं असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा करून बघावं. इथं पायांचं काम हातांना करावं लागतं. हातांनी जमीन ढकलत सरकायचं आणि तेच हात पुढच्या क्षणी चेंडूसाठी मोकळे करायचे. मैदान छोटं असल्यानं चेंडू अंगावर येतो तोही झटक्यात.

हा खेळ १९५६ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाला. १९८० च्या आर्नहेम पॅरालिम्पिकपासून पुरुषांसाठी पदकं आली, महिलांना मात्र २००४ च्या अथेन्सपर्यंत थांबावं लागलं. चोवीस वर्षांचा हा उशीर आम्हाला खटकतो.

इराणनं पहिलं सुवर्ण १९८८ मध्ये सोलला जिंकलं. इराकबरोबरचं आठ वर्षांचं युद्ध त्याच वर्षी थांबलं होतं आणि देशात हात-पाय गमावलेल्या तरुणांची संख्या मोठी होती. तेव्हापासून २०२४ च्या पॅरिसपर्यंत दहा पॅरालिम्पिक झाली. त्यात इराणची आठ सुवर्णं आणि दोन रौप्य, म्हणजे एकदाही अंतिम फेरी चुकलेली नाही. ती दोन रौप्य मिळाली २००४ आणि २०१२ मध्ये, दोन्ही वेळा बोस्नियाकडून हरून.

बोस्निया हा जेमतेम तीस-पस्तीस लाख लोकवस्तीचा देश. १९९२ ते १९९५ च्या युद्धात साराजेव्होला वेढा पडला, गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली, शेतांत भूसुरुंग पेरले गेले. त्यात पाय गमावलेल्यांनी साराजेव्होत क्लब उभे केले. स्पिड आणि फँटोमी हे त्यातले दोन नावाजलेले. राष्ट्रीय संघाचा अनेक वर्षं कर्णधार राहिलेला सबाहुद्दीन देलालिच हाही युद्धातच पाय गमावलेला. सिडनी २००० ते रिओ २०१६ अशा सलग पाच पॅरालिम्पिकच्या अंतिम सामन्यांत हे दोनच संघ समोरासमोर होते. पॅरिसमध्येही तेच, तिथं इराण ३-१ नं जिंकला.

आता इराणकडं मोर्तेझा मेहरजाद आहे. उंची २.४६ मीटर. लहानपणी सायकलवरून पडून त्याच्या कमरेला इजा झाली आणि उजव्या पायाची वाढ थांबली. उंचीमुळं लोक टक लावून बघायचे, म्हणून तो घराबाहेर पडणंच टाळायचा. टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात संघाच्या प्रशिक्षकांनी त्याला पाहिलं आणि बोलावून घेतलं. रिओ, टोकियो आणि पॅरिस, तिन्ही ठिकाणी त्याच्या गळ्यात सुवर्ण पडलं. पॅरिसला मात्र त्याच्या मापाचा पलंग नव्हता, तो जमिनीवर झोपत होता अशा बातम्या आल्या!

पण सगळ्यांनाच सारखं अपंगत्व नसतं, मग बरोबरी कशी साधायची? त्यासाठी खेळाडूंचे दोन वर्ग केलेत. व्हीएस-१ म्हणजे जास्त अपंगत्व, व्हीएस-२ म्हणजे कमी. दुसऱ्या वर्गातला एकच खेळाडू एका वेळी मैदानात असू शकतो.

भारताचा संघ पॅरालिम्पिकच्या या स्पर्धेत अजून दिसलेला नाही. आपल्याकडं शूटिंग व्हॉलीबॉलचे सामने रात्र-रात्र चालतात, नेट आणि चेंडू मोहल्ल्या-मोहल्ल्यात आहेत. आणि लोकलच्या अपघातात, रस्त्यावर किंवा शुगरमुळं पाय गेलेली माणसंही आपल्याच घरांत आहेत. त्यातले बरेच जण नंतर खोलीतच बसून राहतात.

खर्चाचं म्हणाल तर व्हीलचेअर बास्केटबॉलला खास बनावटीची खुर्ची लागते, इथं तीही नको. कृत्रिम पाय असेल तर तो काढून बाजूला ठेवायचा. बॅडमिंटन कोर्ट १३.४ बाय ६.१ मीटरचं असतं, म्हणजे हे अख्खं मैदान त्यात मावतं. फक्त फरशी गुळगुळीत हवी आणि नेट खाली बांधायचं. सहा जण जमत नसतील तर धडधाकट भाऊ-मित्रांनाही खाली बसवून घ्या. सरावाला कुणाचीच हरकत नसते आणि पहिल्या दिवशी तेच हरतात.