जीर्णोद्धार की जतन? : प्रीमियर पद्मिनीच्या निमित्ताने जुन्या मोटारीच्या पुनःस्थापनाचा विचार

प्रास्ताविक

वारसा हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लेणी, वाडे, फार तर हस्तलिखिते येतात. यंत्र हाही वारसा असू शकतो, आणि तेही कारखान्यातून हजारोंच्या संख्येने बाहेर पडलेले यंत्र, ही कल्पना आपल्याकडे अद्याप पुरेशी रुजलेली नाही. संस्थानिकांच्या परदेशी मोटारींना संग्रहालयात जागा मिळते. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अंगणात कापडाखाली झाकून ठेवलेल्या फियाटला मात्र बहुधा भंगारवाल्याचीच वाट पाहावी लागते. प्रस्तुत लेखात प्रीमियर पद्मिनी या मोटारीच्या उदाहरणाने, जुनी मोटार हौसेने दुरुस्त करून सांभाळणे म्हणजे नेमके काय करणे होय, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. या गाडीचे सुटे भाग सहज मिळतात आणि एका सालच्या गाडीचे भाग दुसऱ्या सालच्या गाडीला सहज बसतात. या सोयीमुळे ती रस्त्यावर टिकली. परंतु याच सोयीमुळे तिच्यातील इतिहासाचा पुरावा पुसला जात आहे, असे लेखकाचे निरीक्षण आहे.

पद्मिनीची कुळकथा

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली व मुंबईत कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी तेथे क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने वाहने जुळवली जात. पुढे इटलीतील फियाट कंपनीशी सहकार्य झाले आणि १९५४ पासून 'फियाट ११००' ही गाडी येथे तयार होऊ लागली. इटालियन भाषेत अकराशे म्हणजे 'मिलेचेन्तो'. मराठी माणसाने मात्र तिचा गोलसर, बसका आकार पाहून तिला 'डुक्कर फियाट' म्हटले आणि हेच नाव टिकले. १९६४ मध्ये चौकोनी वळणाची 'फियाट ११०० डिलाइट' आली. फियाटचे नाव बाजूला झाल्यावर ती काही काळ 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. २००० च्या सुमारास उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती त्यानंतरही धावत राहिली. २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली.

म्हणजे जवळजवळ ३५ वर्षे मूळ आराखडा तोच राहिला. जाळी, दिवे, आसने, मीटरची चौकट यांत वेळोवेळी बदल झाले, डिझेल इंजिनाचीही आवृत्ती निघाली. पण १,०८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन, मागच्या चाकांना मिळणारी गती व मागील बाजूच्या पोलादी कमानी यांत मूलभूत फरक पडला नाही. परवाना पद्धतीच्या काळात स्पर्धाच नव्हती, त्यामुळे बदलाचे कारणही नव्हते. अर्थशास्त्राच्या अध्यापकांना यात संरक्षित उद्योगाच्या साचलेपणाचे उदाहरण दिसेल व ते योग्यच आहे. गाडी सांभाळणाऱ्याला मात्र हा साचलेपणा वरदान वाटतो, कारण १९९० च्या गाडीचे दार १९७० च्या गाडीला थोड्याफार खटपटीने बसते.

गंजाचा प्रश्न

पुनःस्थापन म्हटले की सामान्यतः इंजिनाचा विचार आधी केला जातो. वास्तविक या गाडीत इंजिन हा सोपा भाग आहे. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर व्यास व ७५ मिलिमीटर धाव, ओतीव लोखंडाचा ब्लॉक व त्यावर ॲल्युमिनियमचे हेड अशी त्याची साधी रचना आहे. बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन टाकता येतात, व्हॉल्व्ह घासून बसवता येतात आणि चांगला लेथवाला असेल तर बहुतेक झीज भरून काढता येते. लोखंड व ॲल्युमिनियम एकत्र असल्याने रेडिएटरमध्ये नळाचे साधे पाणी वर्षानुवर्षे घालत राहिल्यास दोन धातूंमधील विद्युत-रासायनिक क्रियेने हेडची अंतर्गत झीज होते, मार्ग तुंबतात, इंजिन तापते आणि शेवटी हेड वाकते. 'पद्मिनी घाटात तापते' या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते. गंजरोधक शीतक द्रव वापरणे एवढाच त्यावरचा स्वस्त उपाय होय.

खरा कठीण भाग पत्र्याचा आहे. त्याआधीच्या अनेक मोटारींत स्वतंत्र चेसिस असे व त्यावर बॉडी ठेवलेली असे. बॉडी गंजली तरी गाडीचा कणा शाबूत राही. फियाट ११०० ची बॉडी हाच तिचा कणा आहे. तळाचा पत्रा, दाराखालील पोकळ पट्ट्या, खांब व छत यांची मिळून एक पेटी बनते आणि सगळा भार तीच पेलते. त्यामुळे दाराखालील पट्टी गंजणे हा शोभेचा दोष नसून रचनेचा दोष आहे. घराच्या भिंतीचा गिलावा पडणे आणि तुळई कुजणे यांत जो फरक, तोच येथे आहे.

गंज धरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. रबरी चटईखाली ओल राहते तो तळाचा पत्रा, दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली पण धुळीने बुजलेली छिद्रे, डिकीतील जादा चाकाचा खळगा आणि पुढील काचेच्या रबराखालची कडा. किनारपट्टीवरील खाऱ्या हवेत हे सर्व वेगाने होते. गॅरेजमध्ये यावर होणारा नेहमीचा उपाय म्हणजे भोकावर फायबरची पट्टी, त्यावर पुट्टी आणि त्यावर रंग. गाडी दोन पावसाळे सुंदर दिसते व आतून कुजत राहते. साधे लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवले की हा प्रकार लक्षात येतो. पुट्टी जाड असेल तेथे ते चिकटत नाही. जुनी गाडी घेऊ इच्छिणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी हे करावे.

योग्य मार्ग असा, की गंजलेला पत्रा चांगल्या धातूपर्यंत कापून काढावा, त्याच जाडीचा नवा तुकडा त्याच वळणात ठोकून घडवावा व वेल्डिंगने जोडावा. मात्र दाराखालची पट्टी कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी टेकू जोडून घेणे अत्यावश्यक असते. ते न केल्यास पेटी किंचित वाकते आणि नवा पत्रा त्या वाकलेल्या स्थितीतच पक्का होतो. प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबातील १९७८ च्या पद्मिनीबाबत हे घडले आहे. काम उरकून गाडी घरी आली तेव्हा तिचा रंग आरशासारखा चमकत होता आणि डावीकडचे मागील दार बंद होत नव्हते. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या कुठल्याशा गाडीचे दार आणून घासून बसवण्यात आले. मूळ दाराचे काय झाले ते विचारण्याचे तेव्हा सुचले नाही.

अदलाबदल आणि पुरावा

ज्या कुर्ल्यात ही गाडी तयार झाली, त्याच कुर्ल्याच्या भंगार बाजारात तिचे अवयव सुटे होऊन विकले गेले, आणि तेथून ते इतर पद्मिनींना जाऊन मिळाले. परिणामी आज चालू स्थितीत असलेल्या अनेक पद्मिनी या एका सालच्या राहिलेल्या नाहीत. नोंदणी पुस्तकात साल एक, पुढची जाळी दुसऱ्या सालची, आसने तिसऱ्या सालची असा प्रकार सर्रास आढळतो. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना ही स्थिती परिचित वाटेल. वेगवेगळ्या प्रतींची पाने एकत्र बांधलेली पोथी वाचता येते, परंतु तिच्यावरून कोणत्याही एका प्रतीविषयी विधान करता येत नाही.

येथे जीर्णोद्धार या आपल्या शब्दाकडेही थोडे पाहायला हवे. जुन्या मंदिराचा जीर्णोद्धार म्हणजे काळ्या पाषाणावर ऑइलपेंट, जमिनीवर चकचकीत फरशी आणि शिखर नवे, हे दृश्य आपण गावोगाव पाहतो. त्यामागची श्रद्धा खोटी नसते. पण त्यात जुने काय होते हे कायमचे नाहीसे होते. हौशी मोटारमालकही प्रेमापोटी हेच करतो. मूळ रंग खरवडून आधुनिक, काचेसारखा रंग देतो, झिजलेले आसन फेकून कातडी गादी घालतो, स्टिअरिंगखालचा गिअरदांडा काढून खाली बसवतो. गाडी नवी दिसते, किंबहुना ती कधीही नव्हती इतकी नवी दिसते.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ मध्ये 'तुरिन सनद' स्वीकारली. वास्तूंच्या जतनासंबंधीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचा विचार तिने वाहनांना लागू केला आहे. जतन, परिरक्षण, पुनःस्थापन या पायऱ्या तेथे वेगळ्या मानल्या आहेत आणि पुनःस्थापन हा अपवादाने करावयाचा उपाय समजला आहे. बदललेल्या भागावर बारीक पण टिकाऊ खूण करून ठेवावी, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला मूळचे कोणते व नंतरचे कोणते हे कळेल, हे तिच्यातील तत्त्व लेखकाला सर्वांत मोलाचे वाटते. ही सनद फियाटच्याच शहराच्या नावाने ओळखली जावी, हा योगायोग सुखद आहे.

तरीही तत्त्वाचा अतिरेक नको. या गाडीला मुळात चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. त्यांचे रबरी पाइप व द्रव ठरावीक काळाने बदललेच पाहिजेत, मग ते 'मूळचे' असोत वा नसोत. टायर, सुरक्षापट्टा, विजेच्या वायरी यांबाबतही तेच. जीव धोक्यात घालून जपलेला अस्सलपणा लेखकास मान्य नाही. प्रश्न न बदलण्याचा नसून काय बदलले ते न नोंदवण्याचा आहे.

कायद्याची चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेले, व्यापारी उपयोगात नसलेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि चेसिस, बॉडी अथवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले दुचाकी वा चारचाकी वाहन तिच्या कक्षेत येते. त्यास 'व्हीए' ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो, नोंदणी १० वर्षांची असते आणि वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, मेळावा, इंधन भरणे व देखभाल अशा कारणांपुरतेच रस्त्यावर आणता येते.

याचा अर्थ पद्मिनी या नावाने विकलेल्या पहिल्या गाड्या २०२४ पासून या वयाला पोहोचू लागल्या. लेखकाच्या कुटुंबातील गाडी २०२८ मध्ये पोहोचेल. तोवर ती कायद्याच्या दृष्टीने केवळ एक जुने वाहन आहे. पंधराव्या वर्षानंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. मोटारीसाठी ६०० रुपये असलेले त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० रुपये करण्यात आले. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. प्रदूषणाच्या दृष्टीने या धोरणामागे सबळ कारण आहे, हे नाकारता येत नाही. तथापि पंधरा ते पन्नास या मधल्या ३५ वर्षांत गाडी टिकवण्याचे सर्व ओझे मालकावर आहे आणि नेमक्या याच काळात तिचे मूळ स्वरूप सर्वाधिक बिघडते. पन्नासाव्या वर्षी मूळ स्वरूपाची कसोटी लावली जाईल, तेव्हा काय मूळचे होते हे सांगणारा कागद बहुतेकांजवळ नसेल.

इंधन, आणि मिस्त्रींचे ज्ञान

देखभालीतील एका नव्या अडचणीचा उल्लेख आवश्यक आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर आले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर पाणी टाकीच्या तळाशी साचून गंज धरतो. जुन्या प्रकारचे रबर त्याने फुगते वा तडकते, म्हणून पेट्रोल पंपाचा पडदा व नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्या घालाव्यात. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते; परंतु कार्बोरेटर हवेचे प्रमाण आपोआप जुळवून घेत नाही, त्यामुळे मिश्रण विरळ होते व इंजिन अधिक तापते. जेट किंचित मोठा करून हा दोष कमी करता येतो.

पण तो जेट किती मोठा करावा हे सांगणारा माणूस आता शोधावा लागतो. स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिनातला कोणता टॅपेट वाजतो ते ओळखणारे, 'गाडी मिसिंग मारते' की 'पिकअप घेत नाही' एवढ्या फरकावरून दोष पॉइंटचा की कार्बोरेटरचा ते सांगणारे मिस्त्री साठी-सत्तरीत आहेत. इंधन अंतःक्षेपणाच्या गाड्या आल्यापासून त्यांच्या हाताखाली कोणी शिकत नाही. लेखकाच्या परिचयातील एका वयोवृद्ध मिस्त्रींना पत्रा कसा ठोकता, असे विचारले असता ते म्हणाले, "सर, ते सांगता येत नाही, हातोडी परत वर येते तेव्हा कळतं." हे ज्ञान पुस्तकात नाही. आपल्या महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र, इतिहास व मराठी या तिन्ही विभागांना येथे काम आहे. ध्वनिचित्रमुद्रण, गॅरेजमधील शब्दांचा संग्रह आणि भागांची सालवार छायाचित्रे यांसाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. विद्यार्थ्यांचे प्रकल्पही पुरेसे आहेत. मिस्त्रींच्या वयाचा विचार करता यासाठी फार वर्षे हाताशी नाहीत.

लेखकाने स्वतःपुरती सुरुवात म्हणून गाडीची एक नोंदवही ठेवली आहे. उघडलेला प्रत्येक भाग, त्याचे छायाचित्र, तो मूळचा की बदललेला, बदलला तर केव्हा व कोठून आला, एवढेच तीत असते. काढलेले जुने भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवले जातात, ते वापरण्याजोगे नसले तरीही. नोंदवहीतील पहिली नोंद अशी आहे : 'डावे मागील दार. मूळचे नाही. आतील बाजूस हिरव्या रंगाचा जुना थर. कोणत्या सालच्या गाडीचे ते अद्याप ठरलेले नाही.'