छडीनं रिकामे केलेले वर्ग

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचा पट यंदा ९ वर आला. शाळा बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली आणि जो तो एकच कारण सांगू लागला: लोकांना इंग्रजीचं वेड लागलंय. हे कारण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते कुणी उच्चारत नाही.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि पुढच्या काही वर्षांत वाड्यावस्त्यांपर्यंत शाळा पोचल्या. त्या काळाचं कौतुक पुष्कळांनी केलंय, मी ते उगाळत बसत नाही. मला बोलायचंय ते १९८० च्या दशकाबद्दल, कारण ते मी वर्गात बसून पाहिलं.

तेव्हा चांगले गुरुजी होते. गावातच खोली घेऊन राहणारे, रात्री कंदिलाच्या उजेडात चौथीच्या स्कॉलरशिपची तयारी करून घेणारे आणि त्याचा एक पैसाही न घेणारे. ते गेले, ती पद्धतही गेली, याचं मला आजही दुःख होतं. पण त्याच शाळेत दुसरे एक गुरुजी होते. निरगुडीची फोक तोडून आणण्याचं काम ते पोरांनाच सांगत. अंगठे धरायला लावणं, बोटांत पेन्सिल घालून पिळणं, कोंबडा करणं हे रोजचं. मार सगळ्यांना बसायचा, पण सारखा नव्हे. पाटलाच्या, दुकानदाराच्या पोराला एक छडी, वस्तीवरच्या पोराला चार, आणि वर त्याच्या बापाच्या धंद्याचा उद्धार.

वस्तीवरचा एक मुलगा माझ्या शेजारी बसायचा. सतराचा पाढा अडला म्हणून गुरुजींनी त्याला दारात उभं केलं आणि सगळ्या वर्गाला त्याच्याकडे बघून 'गाढव' म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. डोईवरचा पदर सावरत उंबऱ्याबाहेरच थांबली. म्हणाली, "चुकलं आसंल गुरुजी, हाना त्याला, पर साळंतनं काडू नगा." गुरुजींनी हजेरीपटातून मान वर केली नाही. त्या वर्षीच मुलगा शाळेतून गेला. रजिस्टरमध्ये त्याची नोंद 'गळती' अशी झाली असणार. तो गळला नव्हता, त्याला हाकललं होतं.

तक्रार करायची कुणाकडे? वर्षातून एकदा दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, यायचे, वह्या बघायचे, चहा घेऊन जायचे. मुलाला कधी कुणी काही विचारलं नाही. १९८७ नंतर खडू-फळा योजनेतून खोल्या आणि फळे मिळायला लागले. त्यासाठी पैसा आला. मुलाच्या मानाचा विचार कुठल्याही योजनेत नव्हता.

आता जुन्या वर्गांचे स्नेहमेळावे भरतात. पन्नाशीतली माणसं माइकवर सांगतात, गुरुजींच्या छडीनं आम्ही घडलो. टाळ्या पडतात. चौथीच्या आत शाळेबाहेर गेलेल्यांना त्या मेळाव्याचं बोलावणं नसतं, कारण त्यांची कुठली बॅचच नसते. छडीचा हिशेब तिच्यातून वाचलेल्यांनीच मांडायचा, ही लबाडी आता पुरे झाली.

शाळा रिकामी होण्याचं उरलेलं अर्धं कारण या छडीत आहे. जून २००० मध्ये सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणलं, मग अनेक शाळांत सेमी-इंग्रजीही आलं. वेड फक्त इंग्रजीचं असतं, तर मुलं थोडी तरी थांबली असती. पण खाजगी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या भरतच राहिल्या. २०१२ च्या कायद्यानं स्वयंअर्थसहाय्यित शाळांना दार उघडलं आणि ओघ आणखी वाढला. माझ्या शेजारी बसणारा तो मुलगा आता ट्रक चालवतो. कर्ज काढून त्यानं पोराला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. मला म्हणाला, "माझ्या पोराला कुणी गाढव म्हणू नये, म्हणून पैसे भरतो." पैसे भरून मान मिळतोच असं नाही. फी थकली म्हणून मुलांना वर्गाबाहेर बसवणाऱ्या खाजगी शाळा मी पाहिल्या आहेत. पण त्याचा अविश्वास त्यानं अंगावर झेललेला आहे, त्याला वेड म्हणण्याचा कुणाला अधिकार नाही.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली. बदल खरोखर झालाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांत मुलं जमिनीवर आखलेल्या अक्षरांभोवती न घाबरता शिकताना दिसू लागली, आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. अशा शाळांत पट वाढवायला गावाला दवंडी पिटावी लागली नाही.

आणि नेमक्या याच काळात सरकारनं शाळा मोजून बंद करायला घेतल्या. डिसेंबर २०१७ मध्ये १० पर्यंत पट असलेल्या १,३०० हून अधिक शाळांवर गदा आली. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या जवळपास १५ हजार शाळा एकत्र करण्यासाठी 'समूह शाळा' योजना निघाली. पट का घसरला, हे पालकांना विचारल्याशिवाय शाळा उचलणं हा त्याच गुरुजींचा खाक्या आहे. शिक्षकाला निवडणुकीच्या याद्यांना आणि ऑनलाइन माहितीला जुंपायचं, आणि मुलं गेली की दोष पालकांना द्यायचा.

पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा तुमच्या आहेत, आणि समितीत निम्म्या स्त्रिया असायलाच हव्यात. मुलावर हात उगारला, त्याला जातीवरून, घरावरून बोललं, तर शिक्षण हक्क कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली लेखी तक्रार करा. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो. आणि शिक्षकांनो, तुमच्यातल्या त्या एकाला पाठीशी घालू नका. गावाचा विश्वास त्यानंच घालवला, तो परत मिळवणं आता तुमच्या हातात आहे.