मोहाच्या वाटेवर पब नाही

इंग्लंडात खेडोपाडी जुने पब पाहत हिंडणारे हौशी असतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या लोणखेड्याहून सातपुड्याकडे निघणाऱ्याला पबची पाटी कुठेच दिसणार नाही. इथली दारू मोहाची, आणि ती प्यायची जागा म्हणजे घराचं अंगण, लग्नाचा मांडव, होळीचा माळ. पहिली धार जमिनीवर, देवाच्या आणि पूर्वजांच्या नावाने. मग माणसांची पाळी.

मोहाची फुलं मार्च-एप्रिलात पहाटे गळतात. वेचून वाळवलेली फुलं काही दिवस पाण्यात आंबवतात, चुलीवर चढवतात आणि वाफ थंड करून दारू गाळतात. परवाना नसेल तर 1949च्या दारूबंदी कायद्याने हा गुन्हा ठरतो. त्याआधी इंग्रजांनीही 1878च्या अबकारी कायद्याने घरगुती दारू मोडून ठेकेदारांचे गुत्ते वाढवले. पैसा गावाबाहेर जाऊ लागला तो तेव्हापासून.

याच मुलखाची दुसरी बाजूही तितकीच जुनी. 1930च्या दशकाच्या अखेरीस तळोदा भागात गुलाम महाराजांच्या ‘आप’ पंथाने हजारो भिलांना दारू सोडायला लावली. 1970च्या दशकात शहाद्यात श्रमिक संघटनेच्या चळवळीत आदिवासी बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. नवऱ्याच्या मारापुढे परंपरेचं कौतुक त्यांना परवडणारं नव्हतं.

शेजारच्या मध्य प्रदेशाने मात्र मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून बाटलीत भरलं आहे. पर्यटकाला चाखायचीच असेल तर अशी परवानाधारक बाटली बरी. अनोळखी हातभट्टीच्या नादी लागू नये.