कानामागचं दुखणं (लेखांक ५) : ईसीजी कशाला हवा?

मागच्या आठवड्यात आपण ओएई आणि बेरा या ऐकण्याच्या तपासण्यांपर्यंत आलो. बाळाला ऐकू येत नाही हे एकदा कळलं, की घरात श्रवणयंत्राची चौकशी सुरू होते, मावळातल्या आईबापांच्या पुण्याच्या लोकलच्या खेपा सुरू होतात. त्या धावपळीत एक गोष्ट विचारायची राहून जाते : बिघाड फक्त कानातच आहे ना? जनुकीय कारणाने आलेल्या जन्मजात बहिरेपणात साधारण ३० टक्के मुलांत डोळे, हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड यांपैकी कशात तरी सोबत दोष असतो. अशा एकत्र येणाऱ्या लक्षणांना सिंड्रोम म्हणतात.

वार्डेनबर्ग सिंड्रोम पुष्कळदा चेहऱ्यावरच दिसतो. कपाळावर पांढरी बट, कधी एक डोळा निळा आणि दुसरा तपकिरी. अशर सिंड्रोम मात्र लपून राहतो. त्याच्या तीव्र प्रकारात जन्मतः बहिरं मूल उशिरा चालू लागतं आणि पुढे दिवेलागणीनंतर ठेचकाळतं. आंदर मावळातल्या पायवाटेवर अंधारात कोण ठेचकाळत नाही? म्हणून रातांधळेपण ध्यानात येत नाही. खुणा आणि ओठ पाहून बोलणं समजून घेणाऱ्या मुलाची नजरच हळूहळू आकसत जाते.

सर्वांत घातकी आहे तो जर्वेल–लांगे-नील्सन सिंड्रोम. दुर्मीळ आहे, पण १९५७ साली नॉर्वेतल्या डॉक्टरांनी नोंदवलेलं कुटुंब विसरता येत नाही. सहा भावंडांपैकी चार बहिरी, चौघांनाही मूर्च्छा येई आणि त्यांतली तिघं अचानक दगावली. चार, पाच आणि नऊ वर्षांची. आईवडिलांना नीट ऐकू येत होतं. या आजारात हृदयाच्या विद्युतलयीत दोष असतो. धावताना किंवा दचकल्यावर मूल कोसळतं. आपल्याकडे अशा वेळी फीट आली म्हणून कांदा हुंगवतात. खरं तर साध्या ईसीजीत हा दोष बहुधा दिसतो आणि औषधांनी धोका कमी करता येतो. कॉक्लिअर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेतल्या भुलीआधी तर तो कळायलाच हवा.

‘आमच्या घराण्यात कुणी बहिरं नाही,’ असं म्हणून हात झटकू नयेत. अशर आणि जर्वेलमध्ये दोष आई-बाप दोघांकडून यावा लागतो. दोघांनाही सहसा नीट ऐकू येतं. मामाच्या मुलीशी सोयरीक जुळवण्याची रीत जिथे आहे तिथे ही गाठ पडण्याची शक्यता वाढते.

जनुकांशी संबंध नसलेला सिंड्रोम रुबेलाचा. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला हा संसर्ग झाला, तर बाळाला बहिरेपण, मोतीबिंदू आणि हृदयदोष होऊ शकतो. हा एक लसीने टाळता येतो. गोवर-रुबेला लसीची मोहीम महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. मूल बहिरं असेल आणि कधी बेशुद्ध पडलं असेल, तर ते त्यांना आवर्जून सांगा. आणि ईसीजी व डोळ्यांची तपासणी झाली नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे ती स्वतःहून मागा.